आईच्या हातचा गृहपाठ

मगदूमांच्या दुकानात काचेच्या कपाटावर तीन लॅपटॉप उघडून मांडले होते आणि वृषाली हावळ त्यांच्याकडे स्थळं बघावीत तशी बघत होती. दिसायला तिन्ही सारखेच. पण दिसण्यावर भाळून फसलेली माणसं तिनं पुष्कळ पाहिली होती.

"वहिनी, हा छोटा स्वस्तातला. पण खरं सांगतो, दोन पावसाळे काढणार नाही. बिजागरी जाते याची," मगदूम म्हणाले. "हा मधला बघा, 'सोबती'. पडू दे, पाणी सांडू दे, भाकरीचं पीठ उडू दे, काही होत नाही. माझ्या भाचीला हाच दिलाय."

"आणि हा तिसरा?"

"हा त्याचाच थोरला भाऊ म्हणा की. सगळं तेच. फक्त याच्या प्रत्येक बटणात बोटाचा ठसा ओळखायची सोय आहे. कुणाचं बोट पडलं ते त्याला कळतं."

"ते कशाला लागतं?"

"घरात तीन-चार पोरं एकाच मशीनवर बसत असली तर. एकाचा अभ्यास दुसऱ्याच्या नावावर जायला नको. तुमची एकटीच आहे की."

सातवीत गेलेली केतकी मधल्या लॅपटॉपच्या बटणांवर बोटं फिरवत होती. "आई, हाच. बटणं मऊ आहेत बघ."

थोरल्या भावाच्या किमतीतला फरक म्हणजे वृषालीची अडीच महिन्यांची कमाई. ती मेंडिंगला जायची. इचलकरंजीतले माग आता माणसावाचून चालत होते, कापडातला दोषही कॅमेराच शोधत होता. पण सापडलेली गाठ चिमट्यानं उचलायची, तुटलेला धागा सुईनं ओवून बेमालूम बसवायचा, हे काम अजून बायकांच्या बोटांवाचून होत नव्हतं. परदेशी जाणाऱ्या कापडाचं तर नाहीच. वृषालीची बोटं त्या खात्यात नावाजलेली. नवीन मुलींना मुकादम सांगायचा, हावळबाईंच्या शेजारी बसा आणि नुसतं बघा.

"पण हा मधला इतका स्वस्त कसा?" तिनं विचारलं. टिकाऊ वस्तू स्वस्त मिळाली की तिला धाकधूक व्हायची.

"कंपनी सूट देते. पोरं टाइप कशी करतात त्याचा ते अभ्यास करतात म्हणे. हे इथं 'मान्य' दाबलं की झालं."

बेचाळीस पानांचा मजकूर वर सरकत गेला. वृषालीनं मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि 'मान्य' दाबलं. अभ्यासच करतायत ना, करू देत. अभ्यास कुठं वाईट असतो?

पोरं टाइप कशी करतात याला एवढी किंमत का आली होती, तेही सांगायला हवं. कुठलाही निबंध, कुठलंही गणित यंत्र क्षणात लिहून देऊ लागलं तेव्हा शाळांना उत्तर तपासण्यात अर्थच राहिला नाही. मग उत्तर कसं घडलं ते तपासायची पद्धत आली. माणूस लिहिताना अडतो, खोडतो, मागं जातो. एक बटण तो किती क्षण दाबून ठेवतो आणि तिथून दुसऱ्या बटणावर जायला किती वेळ घेतो, त्याची प्रत्येकाची एक चाल असते. तिला म्हणायचे टंकलय. ही लय लॅपटॉप मोजायचा, सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि गृहपाठाखाली शिक्का मारायचा: हे माणसानं लिहिलं आहे. साधा लॅपटॉप एवढंच सांगू शकायचा. माणूस कोणता, ते नाही.

पन्हाळ्याच्या बाजूला सरकारनं काढलेल्या निवासी विज्ञान शाळेत नववीपासून प्रवेश मिळायचा तो सातवी-आठवीच्या शिक्का मारलेल्या गृहपाठावरच. केतकीला तिथंच जायचं होतं. तिसरीत असल्यापासून ती पालीचं शेपूट परत कसं उगवतं असले प्रश्न विचारून घर भंडावून सोडायची. तिचे वर्गशिक्षक घरी येऊन सांगून गेले होते, ही मुलगी तिथं गेली पाहिजे.

पालकसभेत उपाध्ये बाईंनी नियम वाचून दाखवला होता. "गृहपाठ मुलांनी स्वतःच्या हातानं टाइप करायचा. परहस्ते टंकलेखन सिद्ध झालं तर निवड बाद, आणि पुन्हा अर्ज करता येणार नाही."

साऱ्या आयांनी माना डोलावल्या. आणि त्याच आठवड्यात साऱ्या आया ज्वालामुखीचे डोंगर लिंपायला बसल्या. मुलाचा प्रकल्प आईनं करायचा ही आपल्याकडची जुनी रीत. वृषालीचा सूर्यमाला-तक्ता तिच्या आईनं रंगवला होता. त्यात कुणाला कधी लबाडी वाटली नव्हती. मुलाच्या डब्यात पोळी घालणं जसं, तसंच ते.

म्हणून सातवीच्या दुसऱ्या सहामाहीत केतकी एकदा कंटाळून म्हणाली, "आई, मी सांगते, तू टाइप कर ना. मला अजून विज्ञानाचं वाचायचंय," तेव्हा वृषालीला काही वावगं वाटलं नाही. शब्द पोरीचेच होते. विचार पोरीचा होता. बोटं तेवढी आईची.

मग तो नेमच झाला. सकाळी गणित आणि विज्ञान केतकी स्वतः करायची. संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की वृषाली लॅपटॉपसमोर बसायची आणि केतकी शेंगा सोलत, नाहीतर चटईवर लोळत मराठी, इतिहास, भूगोल सांगायची. केतकीचे वडील प्रमोद मागांचे जॉबर. माग बिघडला की दुरुस्त करणारे. त्यांची पाळी दुपारची, त्यामुळे त्या वेळी घरात या दोघीच.

"शिवकालीन जलव्यवस्थापन. गडावर पाणी असेल तरच गड. तलाव, टाकी आणि... आई, टाकीला दीर्घ वेलांटी."

"माहीत आहे गं मला. तुझ्या आधी मी शिकलेय."

"मग पहिली का दिलीस?"

दिवसभर दुसऱ्याच्या कापडातल्या गाठी काढणाऱ्या बाईला तो अर्धा-पाऊण तास प्रसादासारखा वाटायचा.

*

आठवीच्या मार्चमध्ये निवासी शाळेच्या निवड समितीचं पत्र आलं. लॅपटॉपवरच आलं आणि केतकीनंच ते आधी वाचलं. वृषाली कामावरून आली तेव्हा पोर शाळेच्या गणवेशातच बसून होती, दप्तरसुद्धा पाठीवरच.

"आई, हे माझ्याबद्दल आहे?"

लॅपटॉप घेताना आपण मान्य केलेल्या अटींनुसार अभ्यासलेल्या, आपल्या पाल्याच्या टंकलयीत मज्जासंस्थेच्या हालचाल-विकाराची पूर्वचिन्हे आढळली आहेत. संभाव्यता एक्याण्णव टक्के. विमाकर्त्याने जोखीम नाकारली असून विम्याशिवाय वसतिगृहात प्रवेश देता येत नसल्याने निवड स्थगित करण्यात येत आहे. सदर नोंद कायम राहील. लय अन्य व्यक्तीची असल्याचे सिद्ध झाल्यासच ती त्या व्यक्तीच्या नावे वर्ग होईल.

वृषालीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनाशी झाली.

"काही नसतं गं. यंत्राला काय कळतंय," ती म्हणाली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. त्या दिवशी तिच्या भाकऱ्या कडेला जाड-पातळ झाल्या. काळजीनं झाल्या असतील, असं तिला वाटलं.

प्रमोदनी सुट्टी टाकली आणि तिघं मिरजेला डॉक्टर चौगुल्यांकडे गेली. पन्नाशीच्या, बारीक आवाजात बोलणाऱ्या बाई होत्या. त्यांनी केतकीला चालवलं, वळवलं, बोटं एकमेकांवर भराभर आपटायला लावली, मनगट हलवून पाहिलं. मग तिला बाहेर बसवलं आणि दार लावून घेतलं.

"आज मला तिच्यात काहीही सापडत नाही," त्या म्हणाल्या.

"मग मशीन चुकलं, एवढं लिहून द्या की," प्रमोद म्हणाले.

"ते मला लिहिता येणार नाही. समजून घ्या. मेंदूच्या तळाशी मूठभर पेशी असतात. त्या एक द्रव्य तयार करतात, त्यामुळे आपली हालचाल सुरळीत होते. त्या पेशी मरायला लागल्या तरी पहिली कित्येक वर्षं माणसाला पत्ता लागत नाही. निम्म्याहून जास्त गेल्या की मग हात कापतो, पाऊल अडतं. तोवर डॉक्टरला काही दिसत नाही; फार तर अक्षर बारीक होत जातं, नाहीतर वास येईनासा होतो. पण बोट बटणावरून उचलायला सेकंदाचा अगदी लहानसा भाग जास्त लागायला लागतो, तो मात्र खूप आधीपासून. तुम्हाआम्हाला तो कळणं शक्य नाही. यंत्राला कळतो."

प्रमोद म्हणाले, "माग बंद पडायच्या आधी आठ-आठ दिवस त्याचा आवाज बदलतो. आम्हाला कळतो. मालकाला सांगितलं तर म्हणतो, चाललाय की चांगला."

"अगदी तसंच."

"पण एवढ्या पोरीला?"

"मुलांत फार दुर्मीळ. लाखात एखादं. पण होत नाही असं नाही. स्कॅनमध्येही इतक्या लवकर दिसेलच याची खात्री नसते." डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. "एक गोष्ट मला चमत्कारिक वाटते. ही सकाळची लय. साफ आहे, अगदी तेरा वर्षांच्या मुलीची. आणि ही संध्याकाळची, सव्वासात ते आठ. बिघाड आहे तो सगळा इथं. गेल्या सव्वा वर्षात वाढत गेलाय. संध्याकाळी ती फार दमते का?"

वृषालीच्या डोळ्यांपुढं उपाध्ये बाई उभ्या राहिल्या. परहस्ते टंकलेखन. निवड बाद. पुन्हा अर्ज नाही. सव्वासात ते आठ म्हणजे मीच, आणि ते आता इथं उघडं पडणार, एवढी एकच भीती तिच्या मनात आली.

"हो," ती म्हणाली. "दमते फार."

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली ती परतीच्या एसटीत. केतकी खिडकीपाशी बसून दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बाहेर बघत होती. जयसिंगपूर मागं पडलं आणि वृषालीच्या मनात ते वाक्य पुन्हा आलं. बिघाड आहे तो सगळा इथं.

सव्वासात ते आठ म्हणजे मीच.

तिनं आपले हात पदराखाली घेतले.

*

वृषालीचा एक नेम होता. लग्न झाल्यापासून रोज पहाटे आंघोळ करून ती वहीत एकशेआठ वेळा रामनाम लिहायची. 'श्रीराम जय राम जय जय राम'. अंगात ताप असो, घरात पाहुणे असोत, एक दिवस चुकवला नव्हता. भरलेल्या वह्या लाल फडक्यात बांधून देवघराखालच्या कप्प्यात ठेवायची. प्रत्येक पानावर वर तिथी आणि तारीख.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं जप लिहिला नाही. जुन्या वह्या काढल्या.

चार वर्षांपूर्वीची अक्षरं टपोरी होती, बोरांसारखी. एका ओळीत जप दोनदा बसलेला. गेल्या वर्षीच्या वहीत ओळीच्या शेवटी अक्षरं आखडत गेलेली. आणि या महिन्यातली पानं! एका ओळीत जप तीनदा लिहून वर जागा उरत होती, शेवटचा 'राम' तर मुंगीएवढा. मागच्या दिवाळीत तिनं प्रमोदना कौतुकानं सांगितलं होतं, "हल्ली एक वही कितीतरी दिवस पुरते बघा." देवानंच काटकसर शिकवली असं तिला वाटलं होतं.

आणखीही काही काही तिला आठवू लागलं. हल्लीच्या हिंगाला वासच येत नाही म्हणून ती दुकानदाराशी दोनदा भांडली होती. उदबत्ती बदलून पाहिली होती. गेल्या महिन्यात मुकादम म्हणाला होता, "हावळबाई, तुमच्या पीसला हल्ली वेळ लागतोय," आणि ती हसून म्हणाली होती, "वय झालं मुकादम." एकेचाळीस.

ती देवापुढं बसली. आणि खरं सांगायचं तर तिला आधी रडू आलं नाही. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "माझ्यावर आलं, बरं झालं रे बाबा. पोरीवर नाही." केवढं ओझं उतरलं होतं.

ते परत चढायला दिवस मावळावा लागला नाही. मेंडिंगच्या खात्याचा विमाही त्याच विमा कंपनीकडे होता. अशी नोंद झालेली बाई कोण ठेवून घेणार? दोन वर्षांपूर्वी एका बाईची नजर कमी झाल्याची नोंद आली, तर सोमवारी तिची खुर्ची रिकामी होती. वृषालीनं ठरवलं, थोडं थांबावं. देव काही मार्ग दाखवील. आज सांगू, उद्या सांगू, सोमवारचा उपास झाला की सांगू, असं करत तिनं नऊ दिवस काढले.

त्या नऊ दिवसांत केतकी आजारी पडली. खरीखुरी आजारी म्हणावी अशी. लेझीम पथकातून तिनं नाव काढून घेतलं. रोज सकाळी काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला हातात धरून ती मोठ्यानं शंभर अंक मोजायची, आणि पाणी सांडलं की परत भरायची. इतका वेळ पेला धरला तर कुणाचाही हात कापेल; पण तिला ते सांगणार कोण? सांगू शकणारी बाई चुलीशी, तिच्याकडे पाठ करून उभी असायची.

दहाव्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर केतकी ताटं उचलता उचलता अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मला हात किती वर्षं राहतील गं?"

वृषालीनं देवघराखालचा कप्पा उघडला आणि लाल फडकं आणून केतकी आणि प्रमोद, दोघांसमोर सोडलं.

*

सगळं ऐकून झाल्यावर प्रमोद बराच वेळ वह्यांची पानं उलटत राहिले. यंत्र खोलून सुटे भाग बघावेत तशी.

"डॉक्टरीणबाईसमोर का बोलली नाहीस?"

"शाळा जाईल म्हणून."

"आणि नंतर?"

"काम जाईल म्हणून." वृषालीनं खाली बघितलं. "माझ्याच्यानं धीर झाला नाही, अहो."

"आता तरी कशाला पाहिजे धीर?" प्रमोद एकदम म्हणाले. "कुणाला काही सांगायचं नाही. हा लॅपटॉप टाकू, बोटं ओळखणारा आणू. दोन वर्षांत हिची खरी लय दिसंल, नोंद निघंल."

"निघत नाही. पत्रात लिहिलंय. दुसऱ्याच्या नावावर गेली तरच निघते."

"म्हंजे कुणाच्या तरी डोक्यावर ती पाहिजेच."

"हो."

केतकी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती पुढं आली. "मग माझ्या डोक्यावर असू दे. मी बरी आहे ना? मला माहीत आहे ना मी बरी आहे? मग कागदावर काय का असेना. शाळा तर गेलीच. तू सांगितलंस तर तुझं काम पण जाईल. तुला औषध लागेल, ते कशातनं आणणार? पप्पा एकटे..."

"केतकी."

"मी खरंच सांगते, मला चालेल."

"तुला तेरा वर्षं झालीत," वृषाली म्हणाली. ती कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "देवाच्या दयेनं पुढं साठ आहेत. कॉलेजात जाशील, नोकरीला जाशील, उद्या कुणाचं घर करशील. प्रत्येक दारात तुझ्या आधी तो कागद पोचलेला असेल. आणि एक दिवस तुझा पेला सांडला की तुलाच वाटेल, आलं. बाळ, नऊ दिवसांत तुझं काय झालं ते मी बघितलंय."

प्रमोद उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "कोल्हापूरला जायला पहिली गाडी किती वाजता आहे बघ," ते केतकीला म्हणाले.

*

लय कुणाची ते ठरवणारं कोल्हापूरचं पडताळणी केंद्र म्हणजे एका सरकारी इमारतीतला दुसरा मजला. तिथं शिकलगार नावाची एक तरुण मुलगी तांत्रिक सहायक होती. तिनं कागद पाहिले, केतकीकडे पाहिलं, मग वृषालीकडे, आणि खुर्ची ओढून दिली.

"काकू, काही खाऊन आलाय ना?"

"आज संकष्टी. उपास आहे."

"मग कसं? उपासानं हात थरथरले तर?"

"तेवीस वर्षं करतेय. उपासानं माझे हात कधी थरथरले नाहीत."

शिकलगारनं जास्त वाद घातला नाही. तिनं केतकीला शेजारच्या स्टुलावर बसवलं. "घरी सांगतेस तसंच सांगायचं. आईंनी घरी करतात तसंच टाइप करायचं. तू की-बोर्डला हात लावायचा नाही, लावलास तर चाचणी बाद. तीनेकशे शब्द लागतील." थोडं थांबून ती म्हणाली, "नाहीतरी तुम्हाला लेखी खुलासा द्यावाच लागणार आहे. तोच सांग. दोन्ही कामं एकदम होतील. परत हेलपाटा नको."

"सही केली की निवडीचं काय होईल, ते हिला ठाऊक आहे," प्रमोद दारातून म्हणाले. "आम्ही सांगितलंय."

शिकलगारनं मान हलवली. समोरच्या भिंतीवरच्या पडद्यावर सव्वा वर्षाची ती संध्याकाळची लाल रेघ आधीच उमटलेली होती. तिच्याखाली रिकामी जागा.

केतकीनं घसा खाकरला. "प्रति... निवड समिती. विषय. परहस्ते... टंकलेखनाबाबत... खुलासा."

वृषालीची बोटं चालू लागली. पडद्यावर एक निळी रेघ निघाली.

"महोदय. मी... केतकी प्रमोद हावळ... इयत्ता आठवी..."

"इतकं हळू नको," शिकलगार म्हणाली. "घरच्यासारखं सांग."

"घरी असंच सांगते."

"इतकं सावकाश?"

केतकीनं स्टुलाची कड धरली. "आधी भरभर सांगायचे. दिवाळीपासून आई मागं राहायला लागली. म्हणून मग मी हळू सांगायला लागले. एक शब्द झाला की मनात पाच मोजायचे. तिला कळू नये म्हणून."

वृषालीची बोटं थांबली. मागची दिवाळी ते हा चैत्र. रोज संध्याकाळी पोर चटईवर लोळत होती, शेंगा सोलत होती आणि मनात पाच मोजत होती. यंत्राच्या आधी तिला कळलं होतं. आणि तिनं ते आईला झेपेल असं करून ठेवलं होतं, कुणाला काही न सांगता.

"तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, तू दमतेस."

शिकलगारनं पडद्याकडे पाठ केली आणि कसले तरी कागद सारखे करत राहिली.

"मोजू नकोस आता," वृषाली म्हणाली. "भरभर सांग. जसं सुचेल तसं."

केतकी सांगू लागली. "माझा मराठी, इतिहास आणि भूगोल या विषयांचा गृहपाठ गेले सव्वा वर्ष मी तोंडी सांगितला आणि माझ्या आईने टाइप केला. त्यातले शब्द माझे होते. हे नियमाविरुद्ध आहे याची आम्हा दोघींना कल्पना होती." वृषाली मागं पडत होती. शब्द पुढं निघून जात होते आणि ती दोन-दोन शब्द कानात धरून त्यांच्यामागं पळत होती. उजवी करंगळी तर शेजारच्या बोटाला चिकटल्यासारखी झाली होती. निळी रेघ चढली, अडखळली, पुन्हा चढली. लाल रेघेच्या प्रत्येक वळणाखाली तसंच वळण पडत गेलं.

"जुळतंय," शिकलगार अर्ध्यावरच हळू आवाजात म्हणाली. "एवढं पुरे आहे. मुलीचं नाव सुटलं. पण खुलासा पूर्ण करावा लागेल."

दारात प्रमोदनी भिंतीला डोकं टेकलं.

"पुढं," वृषाली म्हणाली.

"सदर लय माझी नसून माझ्या आईची आहे. माझ्या आईला..." केतकी थांबली. विकाराचं ते लांबलचक नाव तिनं एसटीत सगळा रस्ता पाठ केलं होतं.

"थांबू नकोस," वृषाली म्हणाली. "सांग. मला त्यातली जोडाक्षरं येणार नाहीत, तू सांगितल्याशिवाय."

केतकीनं सांगितलं. एकेक अक्षर करून सांगितलं. वृषालीनं ते एकेक अक्षर करून लिहिलं आणि पडद्यावर नीट उमटलं का ते वाचून पाहिलं.

"तरी सदर नोंद... माझ्या नावावरून काढून..." केतकी आता रडत होती, पण बोलणं तिनं सोडलं नाही. "माझ्या आईच्या नावे वर्ग करावी, ही विनंती. निवड रद्द झाल्यास माझी तक्रार राहणार नाही. आपली विश्वासू. केतकी प्रमोद हावळ. पूर्णविराम."

वृषालीनं पूर्णविराम दाबला. बोट दाबलं गेलं, पण वेळेवर उठलं नाही. ओळीच्या शेवटी एकामागून एक टिंबं पडत गेली, चार, पाच, सहा.

केतकीचा हात झटकन पुढं आला.

"हात लावू नकोस गं," शिकलगार म्हणाली.

केतकीनं हात मागं घेतला. वृषालीनं डाव्या हातानं उजवं बोट उचललं. मग जास्तीची टिंबं तिनं एकेक करून स्वतः खोडली, एक तेवढं ठेवलं, आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.